सोबत आलेली मंडळी

घर विकायचं आणि आतल्या खुंटीचं वेगळं भाडं मागायचं, ही कुठली रीत? हे कुणाला विचारलंय, ते ज्याचं त्यानं ओळखावं.

यंत्रं माणसांशी बोलत असत, त्या काळची गोष्ट. एका कॉलेजच्या वाचनालयात दोन संगणक शेजारी राहत. एका संध्याकाळी मृण्मयी धावत आली. भित्तिपत्रक लागायला थोडाच वेळ उरला होता आणि तिची कविता अजून टाइप व्हायची होती.

"इकडे ये गं!" नवा संगणक म्हणाला. "माझ्यासोबत खेळ आलेत, हवामान आलंय, खरेदीचं दुकानसुद्धा आलंय."

"आणि लिहायला?"

"आहे की! महिनाभर फुकट होतं. तो महिना कालच संपला."

"माझ्याकडे सगळं कायमचं फुकट," जुना संगणक हसला. त्यानं हाक मारताच लिहिण्याचे चार प्रोग्राम एकदम उठले आणि "आधी मी, आधी मी" करत भांडू लागले. त्यांची समजूत घालता घालता जुना जागीच अडकला.

मृण्मयीनं पेन काढलं, कविता हातानं लिहिली आणि ती लावायला पळाली.

कोपऱ्यातला प्रिंटर कधीचा कागद तोंडात धरून बसला होता. तो म्हणाला, "एवढी मोठी पंगत बसवलीत रे दोघांनी, पण वाढपी एकही आणला नाहीत!"