वाफाईपुढचं खोबरं

भर समुद्रात, पोटात आग असलेलं एक बेट होतं. तिथले खेकडे नारळ फोडून खोबरं वाळवत. हवा दमट, म्हणून डिझेलची भट्टी लावत. डिझेल होडीने येई.

एकदा होडी आलीच नाही. खोबऱ्याला बुरशी चढली. मग खेकडे डोंगरातल्या वाफाळत्या भेगेकडे धावले. तिला ते वाफाई देवी म्हणत आणि दर आठवड्याला खोबरं वाहत. तिथल्या तापलेल्या दगडावर ओल्या खोबऱ्याच्या वाट्या वाहून म्हातारा खेकडा म्हणाला, "वाफाई, होडी पाठव गं!"

वाफाई कडाडली, "मेल्यांनो, गेल्या आठवड्यात वाहिलेल्या वाट्या बघा आधी!"

त्याने उचलल्या. खडखडीत वाळल्या होत्या.

"जन्मभर इथे जळतेय मी, आणि तुम्ही नांग्या जोडून डिझेल मागताय? देवी कसली म्हणता? चूल म्हणा!"