सर झुंबरांचे नाव

फार वर्षांपूर्वी विलायतेच्या सिंहाने झुंबर नावाच्या सुगरण पक्ष्याला ‘सर’ हा किताब दिला. त्याने साऱ्या नदीकाठाला घरटी विणून दिली होती. किताब वंशपरंपरागत होता; अट एकच, वारसाने झुंबर हेच नाव लावायचे.

झुंबर वारला. थोरला मुलगा गोंदा ऐटीत म्हणाला, “आई, आजपासून मला सर झुंबर म्हणायचं.”

“त्यांचं नाव मी कधी घेतलं का रे?” आई म्हणाली. मग तिने गोंदालाच हाक मारली, “अहो, ऐकलंत का? आपल्या घरट्याचं भोक उद्या बुजवतो म्हणाला होतात. ते राहिलंय.”

गोंदा ओशाळला. “मला कुठे विणता येतं? गोंदाच म्हण.”

“मग गोंद्या, गवत आण, शिकवते. तोवर भोकाला तो किताबाचा कागद लाव.”