डाळिंबीची हनुवटी आणि गुंडूचा गोळा

एवढासा होता गुंडू. केवढासा? तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढा. काळा काळा, गोल गोल, पाठ अगदी चकचकीत.

गुंडू होता शेणकिडा. शेणकिडा काय करतो? शेणाचा गोळा करतो. नाक मुरडू नका. तुम्हाला लाडू आवडतो, त्याला शेण आवडतं.

आज गुंडूनं फार छान गोळा केला होता. ओला ओला. मऊ मऊ. हा गोळा म्हणजे बाळाचं घर. आणि बाळाचा खाऊसुद्धा.

रस्त्याच्या पलीकडे, थोडं पुढे गुंडूचं बीळ होतं. बिळापाशी टिकली बसली होती. टिकली म्हणजे गुंडूची बायको. गोळा येणार. बिळात जाणार. मग टिकली गोळ्यात अंडं घालणार. पण गोळा ओला हवा. वाळला तर फुटणार. फुटला तर बाळाला घर नाही.

म्हणून गुंडू घाईत होता. डोकं खाली, पाय वर. उलटा उलटा चालत होता. मागच्या पायांनी गोळा ढकलत होता.

गुडूगुडू, गुडूगुडू.

अर्धा रस्ता झाला. पुढे आला स्पीडब्रेकर. गुंडूला तो डोंगरच वाटला. गुंडू थांबला. दम घेतला.

तेवढ्यात आवाज आला.

घुर्रर्र, घुर्रर्र.

आली एक गाडी. जुनी गाडी, शर्यतीत पळायची गाडी, डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल. तिचं नावच डाळिंबी. तिला चालवायची सगुणामावशी.

डाळिंबी फार बुटकी होती. तिच्या तोंडाखाली एक पातळ पट्टी होती. खाली, खाली, अगदी रस्त्याजवळ. मावशी त्या पट्टीला हनुवटी म्हणायची. हनुवटीला मावशी फार जपायची. स्पीडब्रेकर आला की मावशी उतरायची. वाकायची. हनुवटीखाली हात घालून बघायची. हात गेला तर गाडी जायची. हात अडकला तर चाकांपुढे दोन फळ्या. चाकं फळ्यांवर, हनुवटी वर. नाहीतर काय व्हायचं?

खर्रर्र.

आजही मावशी थांबली. डाळिंबीची हनुवटी आली खाली. गुंडू झटकन बाजूला झाला. गोळा नाही झाला.

खाली रस्ता. वर हनुवटी. मध्ये गोळा. गच्च.

मावशी उतरली. वाकली. हात घातला. हात अडकला. मावशीनं डिकी उघडली. डिकीत एकच फळी.

"आता गं बाई," मावशी म्हणाली, "दुसरी फळी कुठं गेली?"

आणि मावशी फळी शोधायला गेली.

गुंडूनं गोळा ओढला. हलला नाही. गुंडूनं गोळा ढकलला. हलला नाही. डाळिंबीचं पोट गरम. रस्ता गरम. गोळा आता वाळणार.

गुंडूनं वर बघितलं. म्हणाला,

"डाळिंबीताई, डाळिंबीताई, जरा सरक ना.
गोळा सुटेना,
बाळाला घर मिळेना."

डाळिंबी म्हणाली, "नाही रे बाबा, मी नाही सरकणार. मागे खड्डा. पुढे स्पीडब्रेकर. माझी हनुवटी खर्रर्र झाली तर? फळी आली, तर सरकेन."

तुरूतुरू, तुरूतुरू. गुंडू निघाला फळीकडे.

फळी कुठं होती? कोपऱ्यावर होती बाबालालची पिठाची गिरणी. गिरणीपुढे होता चढ. काल मावशी दळण आणायला आली होती. चढावर फळ्या लावल्या होत्या. जाताना एक फळी घेतली, एक विसरली. मोठी माणसंही विसरतात.

फळी तिथंच पडली होती. गुंडू म्हणाला,

"फळीताई, फळीताई, गाडीपाशी ये ना.
गाडी सरकेना,
गोळा सुटेना,
बाळाला घर मिळेना."

फळी म्हणाली, "नाही रे बाबा, मी नाही येणार. माझ्यावर शेळी बसली आहे. मी कुणाला दिसतसुद्धा नाही. शेळी उठली, तर येईन."

खरंच की. फळीवर शेळी. अंग पसरून, डोळे मिटून, मजेत बसलेली.

तुरूतुरू, तुरूतुरू. गुंडू चढला शेळीच्या कानापाशी. म्हणाला,

"शेळीकाकू, शेळीकाकू, जरा ऊठ ना.
फळी येईना,
गाडी सरकेना,
गोळा सुटेना,
बाळाला घर मिळेना."

शेळीनं कान हलवला. फटक. गुंडू पडला उताणा. पाय वर, पाठ खाली. वळवळ, वळवळ. कसाबसा सुलटा झाला.

शेळी म्हणाली, "बेंऽऽ. नाही रे बाबा, मी नाही उठणार. पोट रिकामं आहे. शेवग्यानं पाला दिला, तर उठेन."

ऊन चढलं. गुंडूला गोळा आठवला. वाळला असेल का? जाऊन बघावं का? नको, नको. आधी शेवगा.

तुरूतुरू, तुरूतुरू. शेवगा होता गिरणीच्या मागे. उंच उंच. गुंडूनं मान वर केली. केली, केली, तरी शेंडा दिसेना. म्हणाला,

"शेवगादादा, शेवगादादा, थोडा पाला दे ना.
शेळी उठेना,
फळी येईना,
गाडी सरकेना,
गोळा सुटेना,
बाळाला घर मिळेना."

शेवगा म्हणाला, "नाही रे बाबा, मी नाही देणार. माझे हात वर. पाला वर. शेळी खाली. वाऱ्यानं हलवलं, तर देईन."

वारा कुठं होता? गिरणीच्या पत्र्यावर निजला होता. पत्रा उंच. तिथं तुरूतुरू कसं जाणार? गुंडूनं पाठ उघडली. आतले पंख काढले.

घूंऽऽ घूंऽऽ. टप. बसला पत्र्यावर. चटका बसला. एक पाय वर, एक पाय खाली, नाचत नाचत गुंडू म्हणाला,

"वारामामा, वारामामा, लवकर ऊठ ना.
शेवगा पाला देईना,
शेळी उठेना,
फळी येईना,
गाडी सरकेना,
गोळा सुटेना,
बाळाला घर मिळेना."

वाऱ्यानं कूस बदलली. पत्र्यावरचं थोडं पीठ उडालं. भुस्स. वाऱ्याला झोपेत बोलायची सवय होती. तो म्हणाला, "नाही रे बाबा, मी नाही उठणार. हळू बोललेलं मला ऐकूच येत नाही. कुणी मोठ्यानं पोंऽऽ केलं, तर उठेन."

पोंऽऽ कोण करणार? गुंडूचा आवाज तर एवढासा. गुंडू विचार करू लागला. पाय भाजत होते, तरी विचार करू लागला.

डाळिंबीला भोंगा होता. दाराबाहेर, चकचकीत, पितळी. त्याला मागे रबराचा फुगा. मावशी फुगा दाबायची. मग व्हायचं पोंऽऽ.

घूंऽऽ घूंऽऽ. गुंडू आला गाडीपाशी. आधी गोळा बघितला. गोळ्यावर एक भेग पडली होती. केसाएवढी. गुंडू घाबरला. फार घाबरला. म्हणाला,

"डाळिंबीताई, डाळिंबीताई, भोंगा वाजव ना.
वारा उठेना,
शेवगा पाला देईना,
शेळी उठेना,
फळी येईना,
तुला सरकता येईना,
गोळा सुटेना,
बाळाला घर मिळेना."

डाळिंबी म्हणाली, "नाही रे बाबा, मी नाही वाजवणार. भोंगा दाबायला मावशी लागते. मावशी आली, तर वाजवेन."

आणि मावशी कुठं होती? मावशी घरोघरी विचारत होती.

"माझी फळी बघितलीत का हो? फळी मिळाल्याशिवाय गाडी काढायची कशी?"

बघा आता. मावशी फळीसाठी थांबली. फळी शेळीसाठी थांबली. शेळी पाल्यासाठी, शेवगा वाऱ्यासाठी, वारा भोंग्यासाठी. आणि भोंगा थांबला मावशीसाठी. सगळे थांबले. ऊन तेवढं थांबलं नाही.

गुंडू रस्त्यावर बसला. पलीकडे टिकली दिसत होती. एवढीशी, काळा ठिपका. टिकली बिळातून डोकं काढायची. रस्ता बघायची. परत आत जायची. गुंडूला रडू आलं.

रडता रडता त्यानं भोंग्याकडे बघितलं. भोंग्याचा फुगा. काळा काळा, गोल गोल, मऊ मऊ.

गुंडूनं डोळे पुसले. परत बघितलं.

गोल आहे. मऊ आहे. मग हा गोळाच की. आणि गोळा ढकलणं गुंडूला नाही येणार, तर कुणाला येणार?

घूंऽऽ घूंऽऽ. टप. गुंडू बसला फुग्यापाशी. तोंड फिरवलं. डोकं खाली, पाय वर. उलटा झाला. पुढचे पाय रोवले. मागचे पाय फुग्याला लावले. आणि ढकललं.

काही नाही.

परत ढकललं.

फुस्स.

गुंडूला टिकली आठवली. बाळ आठवलं. केसाएवढी भेग आठवली. मग गुंडूनं सगळं बळ पायांत आणलं.

पोंऽऽऽऽऽ.

वारा दचकून उठला. सूंऽऽ.
वाऱ्यानं शेवगा हलवला. सळसळ.
शेवग्यानं पाला दिला. टपटप.
पाला बघून शेळी उठली. बेंऽऽ.
शेळी उठली, फळी दिसली.

मावशी धावत आली. "माझ्या गाडीचा भोंगा कोण वाजवतंय?" असं म्हणाली, आणि गिरणीपुढे थबकली.

"अगंबाई, फळी इथं होय?"

बाबालाल गिरणीतून बाहेर आला. भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या, सगळं पीठच पीठ. तो म्हणाला, "मावशी, काल तुम्हीच इसरून गेलासा की. वर आमची शेळी बसली, मग कुणाला दिसतीया?"

बाबालालनं फळी खांद्यावर घेतली. एका चाकापुढे एक फळी. दुसऱ्या चाकापुढे दुसरी फळी. मावशी गाडीत बसली.

घुर्रर्र.

फळी आली, गाडी सरकली.
गाडी सरकली, हनुवटी वर झाली.
हनुवटी वर झाली, गोळा सुटला.

पण डाळिंबीची चाकं होती मोठी. आणि गुंडू होता एवढासा. गोळा घेऊन गुंडू पळू लागला. गुडूगुडू, गुडूगुडू. डाळिंबी आता पुढे आली तर?

डाळिंबी नाही आली पुढे. मावशी थांबली. उतरली. वाकली. हनुवटीखाली हात घातला. तिची सवयच ती. आणि मावशीला गुंडू दिसला. उलटा उलटा, गोळा ढकलणारा.

"अरे, तू होतास होय इथं?" मावशी म्हणाली. "जा बाबा. आधी तू जा."

बाबालाल म्हणाला, "मावशी, किड्यासाठी थांबायचं व्हय? उशीर झालाय न्हवं तुम्हाला?"

"होऊ दे," मावशी म्हणाली. "वाटेत अडकलं की जिवाचं कसं पाणी होतं, ते मला विचारा."

मग सगळे थांबले. पण आता गुंडूसाठी थांबले.

गुंडू स्पीडब्रेकर चढू लागला. सरळ चढला. गोळा घरंगळला. परत सरळ चढला. परत घरंगळला. मग गुंडू तिरका झाला. तिरका तिरका, हळू हळू.

गुडूगुडू, गुडूगुडू. चढला. गुडूगुडू, गुडूगुडू. उतरला. गेला पलीकडे, गवतात.

मग मावशीनं चाक फिरवलं. डाळिंबीही तिरकी झाली. तिरकी तिरकी, हळू हळू. आधी एक चाक, मग दुसरं चाक.

गुंडू गवतात थांबला. टिकली हाक मारत होती, तरी थांबला. डाळिंबीची हनुवटी खाली, खाली, अजून खाली. गुंडूनं डोळे मिटून घेतले. खर्रर्र होतंय का?

नाही झालं.

पोंऽऽ, डाळिंबी म्हणाली. या वेळी मावशीनं दाबलं होतं. घुर्रर्र करत डाळिंबी घरी गेली.

टिकली धावत आली. तिनं आधी गोळ्याला हात लावला. इकडून लावला. तिकडून लावला. केसाएवढी भेग होती, ती पायानं दाबून बुजवली.

"ओला आहे," टिकली म्हणाली. "आतून अजून ओला आहे."

तेव्हा कुठं गुंडू खाली बसला.

दोघांनी गोळा बिळात नेला. टिकलीनं त्यात अंडं घातलं. वरून माती लोटली. मऊ मऊ माती. आणि एक दिवस, बरं का, माती हलली. आतून डोकं आलं. काळं काळं, गोल गोल. बाळ केवढं? तुमच्या करंगळीच्या नखाएवढं.

बाळ गवतात, डाळिंबी दारात, गोष्ट तुमच्या कानात. आणि आता तुम्ही पांघरुणात.