तुळाजी पैलवानाचा आवाज

गप्पा पुरे. पांघरुणं घ्या अंगावर. रेवा, तू भिंतीकडे सरक, शंतनूला पाय लांब करू दे. आणि दुपारची ती कटकट आता नको, टीव्हीतला खेळाडू पितो तीच पावडर मला हवी म्हणून. पितो का तो? पेला हातात धरून हसताना पाहिलंस तू त्याला. पिताना पाहिलंस? नाही ना? मग ऐक.

एक होता पैलवान. तांबडगडच्या राज्यात राहायचा. नाव त्याचं तुळाजी. जत्रेत उतरला की समोरच्याला आभाळ दाखवायचा. त्याच्यासारखा फेटा बांधायचा, त्याच्यासारखं खाकरायचं, असं सगळ्या राज्याला वेड. आता कुस्ती आणि खाकरणं यांचा काय संबंध? पण माणसं अशीच असतात, बरं का.

त्या राज्यात एक रीत होती. आपल्याकडेही आहे. बाळाचं उष्टावण मामाच्या हातून. मामा बाळाला मांडीवर घेतो आणि सोन्याच्या अंगठीनं पहिली खीर चाटवतो. तांबडगडात ती खीर नाचणीची असायची. लोक म्हणायचे, पहिला घास ज्याच्या हातचा, त्याचं बळ बाळात उतरतं.

मग काय झालं, एका जत्रेत तुळाजीचा गुडघा निखळला. खाटेवर पडून राहिला. तेव्हा एक व्यापारी आला. कुठून आला, कुणालाच ठाऊक नाही. गोड बोलायचा. मला तर त्याचं हसूच आवडलं नव्हतं. हातात कायम तपकिरीची डबी. आणि एकदाही शिंकला नाही हो! तपकिरीची डबी बाळगणारा माणूस शिंकत नाही, हे बरं लक्षण आहे का, सांगा.

व्यापारी म्हणाला, “पैलवान, हे तेल लावा, गुडघा बरा होईल. बदल्यात वर्षभर तुमचा आवाज मला द्या.”

तुळाजीला वाटलं, आवाजाचं काय एवढं? हो म्हणाला. व्यापाऱ्यानं डबी उघडली. तुळाजीच्या गळ्यातून काजव्याएवढा उजेड निघाला आणि डबीत जाऊन बसला. झाकण टक्‌कन लागलं. मग व्यापारी डबीत जे कुजबुजायचा, ते तुळाजीच्या तोंडून बाहेर पडायचं. त्याच भारदस्त आवाजात.

दुसऱ्या दिवशी तुळाजी चावडीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, “बळपीठ खा, बळ कमवा!”

झालं. पांढरंशुभ्र पीठ गाड्या भरभरून आलं. घरोघरची नाचणी कोनाड्यात गेली. आणि मग त्या शहाण्या लोकांनी काय करावं? उष्टावणाला सख्ख्या मामाला बाजूला बसवलं आणि पैलवानालाच मामा केलं! तुळाजी दारोदार जायचा, बाळाला मांडीवर घ्यायचा आणि बळपिठाची खीर चाटवायचा. लोक धन्य.

त्या गावात एक गिरजी होती. तिच्या राघूचंही उष्टावण असंच झालं. तिचा भाऊ धोंडू तीन कोस चालून नाचणीची खीर घेऊन आला होता. बिचारा वाटी झाकून कोपऱ्यात बसला आणि तशीच घेऊन परत गेला.

मग राघू वाळायला लागला. पाय काडीसारखे झाले. आधी रात्रभर रडायचा, पुढं पुढं रडायलाही ताकद उरेना. गिरजीच्या काळजात चर्र झालं. ती सासूला म्हणाली, “आत्याबाई, हे पीठ बंद करूया.”

सासू म्हणाली, “तुळाजी पैलवानापेक्षा तुला जास्त कळतं? कमी पडत असेल. दोन चमचे वाढव.” आणि स्वतःच भरवायला बसली. दुष्ट नव्हती हो ती. नातवावर जीव होता तिचा. म्हणून तर जास्त भीती.

गिरजीनं मुंग्यांच्या वाटेवर चिमूटभर पीठ टाकलं. मुंग्या वळसा घालून गेल्या. मुंगी कुणाच्या सांगण्यावर जात नाही, बरं का.

मग ती तुळाजीच्या घरी गेली. म्हणाली, “पैलवान, माझं बाळ वाळतंय.” तुळाजी म्हणाला, “बळपीठ खा, बळ कमवा.” तिनं विचारलं, “तुमची आई बरी आहे ना?” तुळाजी म्हणाला, “बळपीठ खा, बळ कमवा.” आणि त्याच्या डोळ्यांत पाणी! दाराआड व्यापारी डबी तोंडाशी धरून उभा. गिरजीच्या अंगावर काटा आला.

मग एके दिवशी पहाटे ती तालमीत डोकावली. तुळाजी जेवत होता. ताटात काय? जोंधळ्याची भाकरी, दूध, मूठभर बदाम. बळपिठाचं पोतं कोपऱ्यात. त्याची शिवणसुद्धा उसवलेली नव्हती.

गिरजीनं सासूला सांगितलं, शेजारणींना सांगितलं. कुणी ऐकेना. उलट राजानं दवंडी पिटवली, की येत्या पुनवेपासून राज्यात नाचणी पेरायचीच नाही. राजाही तुळाजीसारखाच फेटा बांधायचा ना!

आता राघूचं काय होणार? गिरजीची झोप उडाली. तेवढ्यात तिला कळलं, तुळाजीच्या सख्ख्या बहिणीच्या, सोनाच्या, बाळाचं उष्टावण आहे. राजाही येणार आहे. गिरजी तडक सोनाकडे गेली. म्हणाली, “बाई, एवढं कर. भावापुढं दोन वाट्या ठेव. एकीत बळपीठ, एकीत नाचणी. बाकी काही बोलू नकोस.”

उष्टावणाचा दिवस आला. राजा बसला, गाव बसला. कडेवर राघूला घेऊन गिरजी पुढंच उभी राहिली. तुळाजीनं भाच्याला मांडीवर घेतलं. बाळानं त्याची मिशी धरली. व्यापारी डबीत कुजबुजला. तुळाजीचं तोंड गरजलं, “बळपीठ खा, बळ कमवा!”

आणि हात?

हात पांढऱ्या वाटीकडे गेला आणि थांबला. व्यापारी पुन्हा कुजबुजला. तोंड पुन्हा गरजलं. मग तुळाजीनं ती वाटी लांब सारली, अंगठी नाचणीच्या खिरीत बुडवली आणि भाच्याला चाटवली. तोंड आपलं गरजतच होतं, बळपीठ खा, बळपीठ खा!

सगळे माना उंचावून बघताहेत. तोंड एक सांगतंय, हात दुसरंच करतोय. व्यापाऱ्याच्या हातात डबी तापली, लाल झाली आणि फट्‌कन फुटली. तो काजवा उडाला आणि तुळाजीच्या गळ्यात शिरला.

तुळाजी रडत म्हणाला, “मला त्या पिठाचं काही ठाऊक नाही हो. मी ते कधी खाल्लंच नाही. भाच्याच्या तोंडाशी नेताना पहिल्यांदा मनात आलं, की यात आहे तरी काय?”

गिरजीनं राघूला त्याच्यापुढं धरलं. म्हणाली, “आणि हा कोण होता रे? यालाही मामा म्हणूनच मांडीवर घेतलं होतंस ना?”

तुळाजीला आवाज परत मिळाला होता. पण त्यानं राघूच्या काडीसारख्या पायांवर नुसतं डोकं टेकलं.

पोतं फोडून पाहिलं, तर आत खडूची भुकटी. सासूनं कपाळावर हात मारून घेतला आणि कोनाड्यातली नाचणी काढली. राजानं दवंडी मागं घेतली आणि मुकाट्यानं आपला जुना फेटा बांधला. धोंडूमामा पुन्हा तीन कोस चालून आला. या खेपेला राघूनं सगळी वाटी चाटूनपुसून संपवली. महिन्याभरात असं भोकाड पसरायला लागला, की शेजारी वैतागले आणि गिरजी हसत बसली. तेलाचा गुण गेला, तुळाजी जन्मभर लंगडला. पण ज्या ज्या घरी त्यानं ते पीठ चाटवलं होतं, त्या त्या घरी लंगडत गेला, माफी मागितली आणि नाचणी दळून दिली.

व्यापारी? तो गर्दीत सटकला. अजून सापडलेला नाही, बरं का. कुणाचा तरी आवाज डबीत घालून फिरत असेल कुठंतरी.

काय गं रेवा? ही गोष्ट खरी का? मी सांगते म्हणून खरी मानू नकोस. सकाळी नाचणीची आंबील करणार आहे. ती चांगली असते, असंही मी म्हणणार नाही. माझ्या वाटीत काय आहे आणि मी ती संपवते का, तेवढं बघ. मग काय ते ठरव.

शंतनू झोपला बघ. मीट डोळे तूही.