मुळांवरचा चिखल

खाडीकाठच्या एका गावात चांगुणा नावाची एक शेतकरीण राहत होती. तिला स्वच्छतेचे भारी वेड. तिच्या घरात सरपणसुद्धा झाडून चुलीत जाते, म्हणून शेजारणी हसायच्या.

एका उधाणाला बांध फुटला आणि खाडीचे पाणी तिच्या भातशेतात शिरले. पाणी ओसरले, मीठ मात्र मातीतच राहिले. पावसाळ्यात केलेली पहिली लावणी करपून गेली. आता थोडीच रोपे उरली होती. ती तिच्या सासूने जपलेल्या वासाच्या भाताची होती आणि ते बियाणे गावात दुसऱ्या कोणाकडे नव्हते. हीही गेली असती तर तो भात कायमचा गेला असता.

चांगुणाची सून दर्शना शेतकी कॉलेजात शिकलेली. मिठागराच्या कडेला, पांढऱ्याफटक मातीत एक गवत हिरवेगार उभे असलेले तिने पाहिले. त्याच्या मुळांची माती तिने आणली आणि मडक्यात गूळपाण्यात मुरवली.

"शी! वास कसला गो हा?" चांगुणा म्हणाली.

"यात डोळ्यांना न दिसणारे जीव आहेत, आई. खाऱ्यातच वाढतात. मुळांना धरून राहिले की रोपाला मीठ सोसायला मदत करतात."

"म्हणजे किडे! माझ्या सासूच्या भाताला तू किडे लावणार?"

"किडे नाहीत हो. सोबती समजा."

चांगुणाने नाक मुरडले, पण लाडक्या सुनेचा शब्द तिला मोडवेना.

दर्शनाने रोपांच्या जुड्यांची मुळे मडक्यातल्या त्या काल्यात बुडवून जुड्या बांधावर ठेवल्या आणि ती शेताच्या दुसऱ्या टोकाला लावणीला वाकली. इकडे चांगुणाला राहवेना. अशी बरबटलेली मुळे तिने जन्मात लावली नव्हती. तिने हळूच काही जुड्या उचलल्या, ओहोळात खळखळून धुतल्या आणि कोपऱ्यातल्या तुकड्यात लावून टाकल्या.

थोड्याच दिवसांत तो कोपरा पिवळा पडला. दर्शनाचा चेहरा उतरला.

"आज इथे, उद्या सगळं शेत जाईल. माझंच चुकलं, आई. हे मडकं खाडीत ओतते. मेलेल्या रोपांच्या जागी नांग्या भरायला ठेवलेली रोपं तरी तुमच्या पद्धतीने लावू."

तिने मडके उचलले. चांगुणा गप्प बसली असती, तर तिला कोणी काही म्हटले नसते. पण पोरीचा तो रडवेला चेहरा तिला बघवेना.

"ठेव ते खाली. ती रोपं मी धुतली होती."

"सगळी?"

"पिवळी पडलीत तेवढीच."

दर्शना रडता रडता हसली. "आई, कमाल आहे तुमची! विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर धुऊ दिली असतीस?" असे म्हणत चांगुणाने कोपरापर्यंत हात मडक्यात घातला. उरलेल्या जुड्या तिने स्वतः बुडवल्या आणि तशाच चिखलाने माखलेल्या लावल्या.

त्या तगल्या. कापणीनंतर नवा भात शिजला तेव्हा त्याचा वास शेजारच्या पडवीपर्यंत गेला.

पुढच्या लावणीला शेजारणींनी मडके मागून नेले. त्यांच्यातली एकजण बुडवलेली जुडी घेऊन ओहोळाकडे निघाली, तशी चांगुणा बांधावरून ओरडली, "अगो, धुऊ नकोस ती मुळं! घरची माणसं आहेत त्यांत!"

तात्पर्य: ज्याला आपण घाण म्हणून झटकतो, त्यातच कधी आपले सोबती असतात, आणि आपल्या हातून ते झटकले गेले, तर दोष त्यांच्यावर जाऊ न देता आपली चूक वेळेवर सांगावी.