रेषेवरचा चेंडू

"शाल्मली खोटं बोलली असेल का, सर?"

ह्या एका प्रश्नानं मला रात्रभर झोपू दिलं नव्हतं. सकाळी जिमखान्यावर पोचले तेव्हा पिंगेसर मातीच्या कोर्टावर पाणी मारत होते. हातातली नळी त्यांनी खाली ठेवली नाही.

"झालं काय?"

मी सांगितलं. कालची दहा वर्षांखालच्या मुलींची टेनिसची मॅच. ह्या मॅचना पंच नसतो; आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, हे ज्या त्या मुलीनंच सांगायचं. शेवटचा चेंडू माझ्या लेकीच्या, शाल्मलीच्या बाजूला पडला, रेषेवर, म्हणजे आतच. निदान कुंपणाबाहेरून मला तसं दिसलं. गेला पॉइंट, म्हणून मी हळहळत मान हलवली. पण तिनं बोट वर केलं. आउट. जिंकली.

मी घरी जाऊन शिराही केला.

"मोबाइलवर सगळं आहे," मी म्हणाले. "पण जितकं हळू करून बघावं तितका चेंडू पसरतो. नुसता हिरवट डाग. त्यात तिथेच नेमका माझा हात हललाय."

"मग?"

"मोठ्या स्पर्धांत असतात तसे कॅमेरे लावू या ना इथे. पडद्यावर रेघ दिसते, चेंडू टेकल्याची खूण दिसते, सगळं स्टेडियम ठेक्यात टाळ्या वाजवतं. घरी बसलेल्यांनाही तीच खूण. संशयाला जागाच नाही."

"तुमचा विश्वास आहे त्या खुणेवर?"

खरं तर नाही. ते चित्र म्हणजे फोटो नव्हे, बऱ्याच कॅमेऱ्यांनी मिळून मांडलेलं गणित, हे वाचल्यापासून माझा त्याच्यावरही संशय आहे. माझा तर कुकरच्या शिट्ट्यांवरही असतो.

सर एके काळी मोठ्या स्पर्धांत पंच म्हणून रेषेवर उभे राहायचे. कॅमेरे आले, आणि सर घरी आले. मला वाटलं, आता यंत्राला नावं ठेवतील.

"विश्वास ठेवावा," ते म्हणाले. "कॅमेरा चेंडूखेरीज कुणाकडे बघत नाही."

त्यांनी नळ बंद केला, हात पुसले, मोबाइल मागितला. चेंडू टेकला तिथे थांबवलं नाही. थोडं पुढे जाऊ दिलं. शाल्मलीचं बोट वर जायच्या आधी थांबवलं.

ती सरळ माझ्याकडे बघत होती.

"हीच ती चोरटी नजर," मी म्हणाले. "हिनंच माझी झोप उडवली."

"तिला विचारलंत?"

मी मोबाइल परत घ्यायला हात पुढे केला.

"मोबाइलला विचारलंत," सर म्हणाले, आणि भिंतीवर चेंडू मारत असलेल्या शाल्मलीला त्यांनी हाक मारली.

ती रॅकेट फरफटत आली. कालचा तो चेंडू कुठे पडला होता गं, मी विचारलं. आवाज जमेल तितका साधा ठेवला.

"मला दिसलाच नाही," ती म्हणाली. "म्हणून तुझ्याकडे बघितलं. तूच मान हलवलीस ना आई… नाही म्हणून?"