गोदू बाद झाली!

ही गोष्ट फार जुनी. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचे नावही आता कुणाला आठवत नाही. त्याच्या राज्यात एक पाठशाळा होती आणि पाठशाळेपुढे भलेमोठे मैदान होते. तिथे मुलांना खेळ शिकवायला एक गुरुजी होते. मिशा दांडग्या, आवाज दांडगा, मन मात्र लोण्याचे.

उन्हे कलली की गुरुजी शीळ घालत आणि लंगडीचा डाव मांडत. राज्य असेल त्याने एका पायावर लंगडी घालत यायचे, बाकीच्यांनी आखलेल्या चौकोनात पळायचे. ज्याला शिवले तो बाद, आणि जो पहिला बाद त्याच्यावर पुढचे राज्य. निम्मी मुले धावत येत. उरलेली निम्मी पिंपळाच्या पारावर बसून राहत. कुणाचे पोट दुखे, कुणाच्या पायात काटा रुते. एकाचा काटा तर काल उजव्या पायात असे आणि आज डाव्या.

एकदा राजाचे कारभारी पाहणीला आले. पारावरची रांग पाहून म्हणाले, "गुरुजी, निम्मीच मुलं खेळतात, तर मैदानही निम्मंच पुरे. महाराजांच्या घोड्यांच्या कडब्याला जागा हवीच आहे. पुढच्या बाजाराच्या दिवशी येतो. तेव्हाही हेच दिसलं, तर इथे गंजी रचायच्या."

गुरुजींनी मैदानावर नजर फिरवली. या मैदानातला खडा न् खडा त्यांनी स्वतःच्या हाताने वेचला होता.

त्यांनी नाना उपाय केले. रागावून पाहिले, तर मुले आणखी अंग चोरून बसली. गूळ-शेंगदाण्यांचे आमिष दाखवले, तर मुले आली, गूळ खाल्ला आणि तोंड पुसत परत पारावर गेली.

शेवटी गुरुजी स्वतःच पारावर जाऊन बसले. शेजारी कुंभाराची गोदू होती. ती पायाने मातीत रेघोट्या ओढत होती, पण डोळे लंगडीच्या चौकोनावर खिळलेले. तिकडे कुणी थोडक्यात निसटले की इकडे हिचे खांदे उडत.

"गोदू, तुला खेळ आवडत नाही का गं?"

"आवडतो की."

"मग येत का नाहीस?"

"मी आले काय नि नाही आले काय, गुरुजी. मी लिंबूटिंबू."

गुरुजींनी पाराकडे पाहिले, तर तिथे सगळे लिंबूटिंबूच बसलेले. हा नियम त्यांचाच होता! गोदू पूर्वी एकदा खेळताना पडली होती, खूप रडली होती. तेव्हा त्यांनीच कळवळून सांगितले होते, की जी मुले हळू पळतात त्यांना लिंबूटिंबू धरा. त्यांना खेळू द्यायचे, पण बाद करायचे नाही आणि त्यांच्यावर राज्यही येऊ द्यायचे नाही.

"लंगडी घालत पोरं माझ्याजवळ येतात," गोदू म्हणाली, "आणि मला वळसा घालून दुसऱ्याला शिवायला जातात. मी पळायचं तरी कुणापासून?"

गुरुजींनी कपाळावर हात मारून घेतला. मायेपोटी आपण केवढी चूक केली! पोरीला पडण्यापासून वाचवायला गेलो आणि खेळातूनच उठवून बसलो.

बाजाराचा दिवस उजाडला. कारभारी कडब्याच्या गाड्या आणि गडी घेऊन आले आणि मैदानाच्या मधोमध उभे राहिले. गुरुजींनी शीळ घातली आणि गरजले, "आजपासून इथे कुणीही लिंबूटिंबू नाही! गोदूलाही शिवायचं. मुद्दाम सोडलंत, तर सोडणाराच बाद!"

"गुरुजी, ती पहिल्या झटक्यात जाईल!" मुले ओरडली.

"जाऊ दे की!"

गोदू चौकोनात उतरली. राज्य होते लोहाराच्या मुलावर. रंगा त्याचे नाव, लंगडीत एकदम पटाईत. तो थेट तिच्याच रोखाने निघाला. आजवर कधी कुणी गोदूवर असे चालून आले नव्हते! तिने किंकाळी फोडली आणि पळत सुटली. कोपऱ्यात सापडली, खाली वाकली, रंगाच्या हाताखालून निसटली! पारावरची मुले उठून उभी राहिली. "पळ, गोदू, पळ!" पण रंगा गिरकी घेऊन वळला आणि त्याचा हात तिच्या पाठीवर पडला.

"बाद!"

आता ही रडणार, म्हणून गुरुजींचा जीव खालीवर झाला. गोदू धापा टाकत उभी राहिली. मग तिने दोन्ही हात वर केले.

"बाद! गुरुजी, मी बाद झाले! खरीखुरी बाद झाले! आता राज्य माझ्यावर! रंगा, बघच आता तुला!"

आणि ती आनंदाने नाचू लागली. काटेवाल्या मुलाने पारावरून उडी ठोकली. "गुरुजी, मलाही शिवणार? अगदी खरं खरं?" त्याच्यामागून बाकीचेही धावले, आणि पाहता पाहता पार रिकामा झाला. एक चौकोन पुरेना, म्हणून गुरुजींनी दुसरा आखला, मग तिसरा, थेट कुंपणापर्यंत!

लंगडी घालत गोदू कारभाऱ्यांपाशी आली. "काका, रेषेबाहेर व्हा, नाहीतर तुम्हालाही शिवेन!"

कारभाऱ्यांनी धोतराचा सोगा सावरत टुणकन बाहेर उडी मारली आणि स्वतःच खो खो हसत सुटले. मग गड्यांना म्हणाले, "कडबा न्या दुसरीकडे. इथे जागाच कमी पडतेय."

गंजी त्या मैदानात कधीच आल्या नाहीत, आणि लिंबूटिंबू हा शब्दही तिथे पुन्हा कुणी उच्चारला नाही.

मोठ्यांनी आणि छोट्यांनीही ध्यानात ठेवावे ते एवढेच: ज्याला हरायची मोकळीक मिळते, तोच खेळायला उतरतो.